सईदले पेवात काऊन उतरवलं

तुम्ही खोटं छापलं.

वऱ्हाडातल्या तुमच्या फ्रीमेसन मंडळाचा पन्नास वर्षांचा इतिहास म्हणून जे जाड पुस्तक निघालं, त्यात जानेफळच्या दवाखान्याला पाच ओळी दिल्या आहेत. पाचवी ओळ अशी: 'कोनशिलेचा समारंभ आनंदात व निर्विघ्न पार पडला.' दवाखान्यातल्या कंपाउंडरनं पुस्तक दाखवलं तेव्हा ती ओळ मी तीनदा वाचली. तुम्ही त्या दिवशी इथं नव्हता, हे मला माहीत आहे. पण तुमच्यातल्याच वामनराव वकिलांनी तीन पानांचं पत्र लिहून तुमच्या वरच्या कचेरीला सगळं कळवलं होतं. हे त्यांनी स्वतः मला सांगितलं. तेव्हा न कळून लिहिलं असं म्हणू नका. कळून लिहिलं.

मी बिलकिस. माझा बाप मेहबूब बुलढाण्यात साहेबांच्या घोड्यांची खोगिरं शिवायचा. तुमच्या मंडळींना कमरेला बांधायला कोकराच्या पांढऱ्या कातड्याचे एप्रन लागत, तेही तोच शिवायचा. त्यातूनच तो तुमच्यात आला. नऊ वर्षं तुमच्या लॉजच्या, म्हणजे बैठकीच्या इमारतीच्या, बंद दाराबाहेर नंगी तलवार घेऊन उभा राहिला. पुनवेच्या जवळच्या शनिवारी बैठक भरायची, लांबून आलेल्यांना परतताना चांदणं मिळावं म्हणून. सारं बुलढाणा त्या इमारतीला जादूघर म्हणायचं.

"तिथं सारे मले भाऊ म्हनते," बाप अम्माला सांगायचा. "वकील म्हनते, डाक्टर म्हनते, पारशी म्हनते. एका टेबलावर जेवतो आम्ही. गोरा साहेब बी म्हनते, पन तो काय म्हनते ते मले समजत नाही."

"अन् आत करता काय?"

"ते सांगता येत नाही."

"बायकोले बी?"

"बायकोले तं बिलकुलच नाही. उद्या साऱ्या बुलढान्याले माहीत होईन."

अम्मा हसायची. पण बाप त्या शनिवारी परत येईपर्यंत ती माझ्या लहान भावाला, सईदला, मांडीवरून खाली ठेवत नसे.

प्लेगात बाप तीन दिवसांत गेला. गल्ली ओस पडली होती. जनाज्याला खांदा द्यायला चार माणसं मिळेनात. तेव्हा तुमचे वामनराव आले, जानवं घातलेला ब्राह्मण माणूस, आणि त्यांच्या संगं डॉक्टर. एका बाजूला ते दोघं, दुसऱ्या बाजूला माझे बडे अब्बा आणि मशिदीतला एक म्हातारा. सख्ख्यांनी दारं लावून घेतली होती त्या दिवशी तुमची माणसं आली. हे मी लपवणार नाही. पण माती देताना वामनरावांनी खिशातून बाभळीची हिरवी डहाळी काढली, तोंडातल्या तोंडात काही बोलले आणि ती कबरीत टाकली. म्हाताऱ्यानं ते पाहिलं. मेलेल्याच्या उरावर काटे टाकले, असं तो महिनाभर सांगत फिरला. तुमच्यात ती अमरपणाची खूण असते, हे मला कालपरवा तुमच्या पुस्तकावरून कळलं. अम्माला ते कळायला कोणतं पुस्तक होतं?

बडे अब्बा म्हणजे रहेमतुल्ला, बापाचा थोरला भाऊ. ते आम्हा तिघांना जानेफळला आपल्या घरी घेऊन आले. थोडी शेती, दोन बैल, एक अंगण. शेजारी झुंबरबाई, मधे कमरेएवढी भिंत. काट्यांची गोष्ट आमच्या आधी जानेफळला येऊन बसली होती.

दुसऱ्या उन्हाळ्यात तुम्ही गावात दवाखाना बांधायचं काढलं. काम चांगलं होतं. तोवर बाई अडली की बैलगाडीत घालून मेहकरचा रस्ता धरायचा आणि निम्म्या वाटेवरून रडत परत यायचं. पण पाया खणला तो काळ्या मातीत. अवकाळी पाऊस आला आणि चर ढासळले. पुन्हा खणले, पुन्हा ढासळले. काळी माती फुगते आणि फाटते, हे शेतकऱ्याच्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण भेदरलेलं गाव मातीकडं पाहत नाही.

"जागा बळी मांगून राह्यली," झुंबरबाई भिंतीवरून म्हणाली. "तिकडं पूल बांधला तवा बी असंच झालं होतं म्हनते. पोरगं घातलं, मंग खांब उभा राह्यला."

"कोनाचं पोरगं?" अम्मानं विचारलं.

"बिनबापाचंच घेते माय. बाप असला तं कोर्टकचेरी करते ना!"

यानंतर आठच दिवसांनी, गुरुवारी, वामनरावांची दमणी आमच्या दारात थांबली.

सईद तेव्हा सहा वर्षांचा होता, मी दहाची. वामनरावांनी बत्तासे आणले होते. त्यांनी सईदला जवळ घेतलं, खिशातून दोरा काढला, त्याच्या कमरेभोवती धरला आणि गाठ मारली. मग कमरेपासून गुडघ्यापर्यंत धरला, आणखी एक गाठ मारली. दोरा घडी करून खिशात ठेवला. सईद बत्तासा खात उभा होता. पडद्याआड अम्माच्या बांगड्या किणकिणत होत्या, तेवढ्या एकदम थांबल्या.

"भाभी," वामनराव पडद्याकडं न पाहता म्हणाले, "सोमवारी दगड बसवायचा आहे. सईदला न्यायला मी स्वतः येईन. पांढरे कपडे घाला. अंगावर चांदी, तांबं, पितळ काही ठेवू नका. हा गळ्यातला ताईतसुद्धा काढा."

"ताईत कायले काढाचा, वकीलसाब? त्याच्या बापानं बांधेल हाय."

"आमच्यात तसा रिवाज आहे. धातू चालत नाही."

"अन् दगडापाशी पोराचं काय काम?"

वामनराव हसले. वाईट हसले नाहीत. मूठ मिटून लहान पोराला 'ओळख पाहू' म्हणावं, तसे हसले. "ते आज नाही सांगायचं. त्याच दिवशी पाहा. मेहबूबभाईंचा मुलगा म्हणून त्याचा मान आहे तो. आणि भाभी, यापुढं या पोराची चिंता तुम्ही करायची नाही. ती आता आमच्याकडं."

दमणी गेली. अम्मा पडद्याआडच खाली बसली होती. झुंबरबाईनं भिंतीवरून सगळं पाहिलं होतं.

"दोऱ्यानं मापलं काय वं? अन् ताईत काढा म्हने?" तिनं विचारलं. आणि पहिल्यांदाच ती पुढं काही बोलली नाही. आम्हाला सगळ्यात जास्त भीती तिच्या त्या गप्प राहण्याची वाटली.

बडे अब्बा संध्याकाळी शेतातून आले. अम्मा म्हणाली, "भाईजान, आपन पोरगं घेऊन कुठी बी निंगून जाऊ."

"कुठी जातं? अन् कायले? मेहबूबच्या जनाज्याले खांदा देल्ला त्या मानसानं."

"खांदा देल्ला अन् काटे टाकले."

"सोमवारी कमिश्नरसाब येऊन राह्यला, सलीमा. पोलीस, चपराशी, सारे. आपन नाही म्हनलं तं…"

"तं काय?"

त्यांनी कुऱ्हाड घेतली आणि धार लावत बसले. सोमवारपर्यंत रोज ते कुऱ्हाडीला धार लावत होते आणि सईदकडं पाहत नव्हते. त्यावरून मला कळलं की तेही घाबरले आहेत. घरातला मोठा माणूस घाबरला की लहानांनी कुठं पाहायचं? मी सईदकडं पाहायची. दुसऱ्याच दिवशी तो चराच्या काठावर खेळून आला आणि म्हणाला, "दीदी, लय मोठा गड्डा हाय. मी त्यात उभा राह्यलो तं दिसतच नाही." अम्मानं त्या दिवसापासून त्याला दाराबाहेर जाऊ दिलं नाही. आपल्या ओढणीचं टोक तिनं त्याच्या मनगटाला बांधलं.

सोमवारी सकाळीच गावात वाजंत्री लागली.

आमच्या अंगणात पेव होतं. पेव म्हणजे ज्वारी साठवायचा खड्डा, वर मडक्याच्या गळ्यासारखा अरुंद आणि खाली पोटासारखा फुगलेला, दोन पुरुष खोल. तोंडावर फरशी. चार दिवसांपूर्वीच आमचं पेव रिकामं झालं होतं, तळाला थोडी बुरसटलेली ज्वारी तेवढी राहिली होती. पेवात माणूस उतरवायच्या आधी दिवा सोडून पाहतात. दिवा विझला तर आत हवा वाईट. अम्माला हे चांगलं माहीत होतं. तिनं सुतळीला दिवा बांधून आत सोडला. सुतळी निम्म्यातच संपली. दुसरी आणायला ती वळली, तोच वाजंत्री आमच्या गल्लीच्या तोंडाशी ऐकू आली. अम्मानं वाकून पाहिलं. दिवा जळत होता. तिनं तो वर ओढला. वाईट हवा तळाशी बसते, दिवा तळापर्यंत सोडावा लागतो, हे मी आज लिहिते. तेव्हा आम्हाला फक्त वाजंत्री ऐकू येत होती.

विहिरीच्या दोरानं सईदला उतरवलं. त्याच्या संगं भाकर आणि पाण्याचा लोटा दिला. ताईत गळ्यातच होता.

"अम्मा, मले वाजा पाहाचा हाय," तो खालून म्हणाला.

"मंग दाखवतो. आता रडू नको. लयच भेव वाटलं तं लोटा भितीले ठोक. मी इथंच हावो."

मी आणि तिनं मिळून फरशी सरकवली. चार बोटं फट ठेवली होती, पण दाराची कडी वाजली आणि आम्ही तीही बंद केली. फरशीवर गोधडी टाकली, गोधडीवर मला बसवलं, पुढं खलबत्ता आणि मिरच्या ठेवल्या. स्वतः पडद्याआड गेली.

वामनराव आत आले. हातांत पांढरे हातमोजे, कमरेला पांढरा एप्रन, गळ्यात निळी पट्टी. माझ्या बापाच्या हातची शिवण मी लांबूनही ओळखली असती. पण त्या दिवशी मला ते कफन नेसलेले दिसले.

"झाली का तयारी? कुठं आहेत आमचे पाहुणे?"

"तो मामाच्या गावाले गेला," पडद्याआडून अम्मा म्हणाली.

"आज? भाभी, अहो, सगळे खोळंबलेत!"

"मामू बिमार हाय."

वामनराव बाजेवर बसले. "निरोप धाडला तर दुपारपर्यंत येईल का? कमिशनरसाहेब अजून पाटलांकडं चहा घेताहेत. मी थांबतो थोडा."

आणि ते थांबले. भल्या माणसासारखे थांबले.

माझ्या मांडीखाली टण्ण झालं. बारीक, लांबून आल्यासारखं. मी बत्ता उचलला आणि मिरच्यांवर घातला. पुन्हा टण्ण. मी पुन्हा घातला. मग ते टणटण चालूच झालं, आणि मी न थांबता कुटत सुटले. तिखट उडालं. वामनरावांना शिंका आल्या, एकामागून एक पाच.

"अगं पोरी, जावई येणार आहे का घरी? केवढं तिखट हे!" ते डोळे पुसत हसले. "मेहबूबभाईंची लेक शोभतेस. हात बापासारखाच जड आहे."

मी मान वर केली नाही. पडद्याच्या कडेला अम्माची चार बोटं दिसत होती, पांढरी पडलेली. माझ्या डोळ्यांत तिखट गेलं होतं आणि रडायची सोय झाली होती. मी फक्त एवढंच मनात म्हणत होते की या माणसाला ऐकू जाऊ नये. ऐकू गेलं तर तो सईदला घेऊन जाईल. मी कुटत होते. म्हणून ते टणटण कधी थांबलं, ते मला कळलं नाही.

मिरच्यांचा भुगा झाला तेव्हा माझा हात थांबला. खाली काही वाजत नव्हतं. मी गोधडीखाली हात घालून फरशीवर ठेवला. काही नाही.

"कुट," अम्मा पडद्याआडून पुटपुटली.

"अम्मा, वाजत नाही."

"काय वाजत नाही?" वामनरावांनी विचारलं.

अम्मा बाहेर आली. परक्या माणसापुढं तोंड उघडं टाकून ती जन्मात पहिल्यांदा आली. तिनं मला ढकलून दिलं आणि फरशीला हात घातला. ती एकटीनं सरकेना. वामनराव पुढं झाले, फरशी सरकली आणि आतून आंबूस वाफ आली.

"दिवा! आधी दिवा आणा!" वामनराव ओरडले. दिवा दोराला बांधून या वेळी तळापर्यंत सोडला. तळाशी जाताच विझला.

तो माणूस मग थांबला नाही. पगडी फेकली, दोर स्वतःच्या कमरेला बांधला आणि म्हणाला, "धरा मला." आरडाओरडा ऐकून बडे अब्बा गोठ्यातून धावले, झुंबरबाई भिंतीवरून उडी टाकून आली. आधी सईद वर आला, वामनरावांच्या डोक्यावर धरलेल्या हातांत. नंतर वामनराव वर आले ते ओझ्यासारखे, ओठ निळे पडलेले. मिरवणुकीतून डॉक्टर धावत आले, तसेच एप्रन घातलेले. अम्मा त्यांना सईदच्या अंगाला हात लावू देईना. बडे अब्बांनी तिला धरून ठेवलं. डॉक्टरांनी पोराची छाती दाबली, तोंडानं हवा भरली, कितीतरी वेळ. शेवटी सईदनं एक श्वास घेतला, घोगरा. मग दुसरा.

वामनराव भिंतीला टेकून बसले होते. अम्मा त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. तिला फक्त एकच विचारायचं होतं.

"काय करनार होते माह्या पोराचं?"

"काही नाही, भाभी." त्यांना धाप लागत होती. "ताटात गहू घेऊन उभं राहायचं होतं. दगडावर गहू टाकतात, तेल टाकतात. मेलेल्या भावाच्या मुलानं गव्हाचं ताट धरायचं. एवढंच."

"अन् ते माप?"

त्यांनी कोटाच्या खिशातून एक घडी काढली. कातड्याचा बारकुसा एप्रन होता, सईदच्या कमरेचा. मंडळानं त्याला बोर्डिंगात शिकायला ठेवायचं ठरवलं होतं, तेही त्या दिवशी सर्वांपुढं सांगायचं होतं.

अम्मा रडली नाही. ती म्हणाली, "हे गुरुवारी सांगायले तुमचं काय जात होतं?"

वामनरावांनी तो एप्रन पुन्हा घडी करून खिशात घातला.

दगड त्याच दिवशी बसला. कमिशनरसाहेबांना पुढं जायचं होतं. ताट दुसऱ्या कोणाच्या पोरानं धरलं. बोर्डिंगातली जागाही पुढं दुसऱ्याच मुलाला गेली, कारण सईद आता शिकण्याजोगा राहिला नव्हता. त्याच्या डोक्याला हवा मिळाली नव्हती, असं डॉक्टर म्हणाले. आज तो बत्तीस वर्षांचा आहे. पायजाम्याची नाडी मी बांधते. घरात कुणी काही कुटायला घेतलं की तो खाटेखाली शिरतो, म्हणून मी मसाला झुंबरबाईच्या घरी कुटून आणते. अम्मा आठ वर्षांनी गेली. मरेपर्यंत तिनं स्वतःलाच दोष दिला, आणि गावानंही तिलाच दिला. मी मला दिला. वामनराव दर ईदला यायचे, अंगणात न बसता दारातच उभे राहायचे, सईदच्या हातात बत्तासे द्यायचे आणि जायचे. लॉजमध्ये त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही. तेही आता नाहीत.

दवाखाना चालतो. माझी दोन्ही बाळंतपणं तिथंच झाली. त्याबद्दल तुमचे उपकार मी मानते, आणि त्यानं माझा राग कमी होत नाही.

कारण तुमच्या त्याच पुस्तकात मी पुढं वाचलं. तुम्हीच छापलं आहे: 'कोनशिलेचा विधी उघड्यावर, सर्व लोकांसमक्ष होतो, त्यात गुप्त ठेवण्यासारखे काहीही नाही.' म्हणजे सांगितलं तर चालत होतं. गुपित नव्हतंच. जो माणूस माझ्या भावासाठी विषारी पेवात उतरला, त्याच्या तोंडून त्याआधी चार दिवस तीन शब्द निघाले नाहीत. वर्षानुवर्षं तुम्ही त्यांना गप्प राहायला शिकवलं, आणि गप्प राहण्यातच मोठेपणा आहे असं त्यांना वाटू लागलं. भावाला खांदा द्यायला शिकवलं, भावाच्या बायकोला उत्तर द्यायला शिकवलं नाही.

मला तुमचं दान नको. ती ओळ खोडायलाही मी सांगत नाही. ताटात गहू धरायचा आहे, एवढं एका आईला सांगायला तुमच्या कोणत्या नियमाची आडकाठी होती? नियम असेल तर तो नियम जसाच्या तसा उतरवून पाठवा. नसेल तर 'नव्हता' असं लिहा, आणि त्याखाली ज्यानं लिहिलं त्यानं पूर्ण नावानं सही करा. मराठीत लिहा. घरी मला सईदपुढं ते मोठ्यानं वाचून दाखवायचं आहे.